रात्रीची गाडी सव्वातीन तास लेट – तिकीट रद्द करू का? (तातडीचं)

मंडळी,
आई-बाबा आज रात्री मुंबईहून सांगलीला मावशीकडे निघालेत. गाडी सव्वातीन तास उशिरा सुटणार असा मेसेज आलाय. तिकीट मी इथून, परदेशातून, माझ्या आयडीवर काढलंय. ॲपवर रद्द करू का? आपल्या प्रवास-फाइलमध्ये यावर काहीच नाही.

——

रद्द मुळीच करू नकोस, पैसे कापले जातील. जायचंच नसेल तर टीडीआर (पैसे परत मागायचा रेल्वेचा ऑनलाइन अर्ज) भर. गाडी चढण्याच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त लेट असेल आणि कुणीच प्रवास केला नाही तर पूर्ण भाडं परत मिळतं. मात्र गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत भरायचा. लोक नेमके इथेच चुकतात, सकाळी उठून भरतात.
दुसरी अडचण अशी की सव्वातीन हा अंदाज असतो. गाडी दोन तास पन्नास मिनिटांनीही सुटू शकते, मग हक्क गेला. म्हणून शेवटपर्यंत एनटीईएसवर (गाडी कुठे आहे ते दाखवणारी रेल्वेची सेवा) बघत राहा. आणि टीडीआर तुझ्याच आयडीवरून भरावा लागेल, तेव्हा तिकडे रात्र आहे तोवर तू जागा राहा.
– मिरजेचे काका

——

काका, त्यांना जायचंच आहे! टीडीआर काय करायचाय? पुण्यापर्यंत मिळेल ती गाडी घ्यावी, स्टेशनवरून रिक्षाने स्वारगेट, तिथून सांगलीची एसटी. मेट्रोने सिव्हिल कोर्टला बदलून स्वारगेटला जाता येतं, पण रात्री ती बंद असते आणि मोठ्या बॅगा घेऊन बदलणं वयस्करांना झेपत नाही.
– वहिनी

——

वहिनी, मध्यरात्री दोन वाहनं बदलण्यापेक्षा स्लीपरमध्ये झोपलेलं बरं. उशीर झाला तर झाला, गाडी सांगलीला थांबते. आणि हे सगळं सांगलीपुरतं. साताऱ्याचं वेगळं आहे. तिथलं स्टेशन माहुलीला, गावाबाहेर. अवेळी उतरलं की रिक्षा मिळेलच असं नाही. एसटी मात्र थेट गावात स्टँडवर सोडते. फक्त काही लांब पल्ल्याच्या गाड्या हायवेवरच उतरवतात, ते कंडक्टरला चढतानाच विचारावं.
– सातारकर

——

सातारकर, विषय सांगलीचा आहे.
घ्यायला येणाऱ्याने वेळापत्रक बघून निघू नये. साताऱ्याला गाडीने वाठार सोडलं की, सांगलीला किर्लोस्करवाडी सोडली की घरून निघायचं. मुंबईहून निघताना कितीही लेट असली तरी कधी वाटेत वेळ भरून निघतो, कधी कर्जत-लोणावळा घाटात आणखी जातो. त्यामुळे मुंबईचा आकडा सांगलीला उपयोगाचा नाही.
– मिरजेचे काका

——

प्रवास-फाइल मी सांभाळते. टीडीआरचा मजकूर आजच घालते, कृपया कुणी परस्पर बदलू नये. गणेशोत्सवाची नावनोंदणी वेगळ्या विषयाखाली पाठवा, इथे दोन आली आहेत.
– सचिव

——

आभार. प्रवास करणारच आहेत, तिकीट तसंच ठेवलं. भाऊ किर्लोस्करवाडीवर लक्ष ठेवेल.

——

मावशींना आत्ताच फोन कर. पाहुणे यायचे म्हणून त्या सकाळी काही खाणार नाहीत, आणि मधुमेहाच्या गोळ्या घेऊन बसल्या तर चक्कर येईल. पोहे करून आधी खाऊन घ्या म्हणावं. आई-बाबांच्या पिशवीतही भडंगाचा एक पुडा आणि दोन बाटल्या पाणी वरच्यावर ठेवायला सांग, बर्थखालच्या बॅगेत नको.
– वहिनी