ख्रिसमसच्या आठवड्यात उबेला कुठे जावं? (थीम पार्क सोडून सुचवा)

साळुंकी

मंडळी, मदत हवी आहे.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. सासू-सासरे पुण्याहून आलेत आणि नोव्हेंबरच्या थंडीनेच साबा (सासूबाई) पार गारठल्यात. हीटरशेजारून हलत नाहीत. साबु (सासरेबुवा) रोज सकाळी बूट घालून दारापर्यंत जातात, दार उघडतात आणि परत येतात. मुलांना ख्रिसमस ते नववर्ष सुट्टी आहे, तेवढ्यात सगळ्यांना कुठेतरी उन्हात न्यायचंय.

ज्याला विचारावं तो थीम पार्कवालं ऑर्लँडो म्हणतो. नको. वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी त्याच आठवड्यात असते, साबांचे गुडघे रांगेत उभं राहू देत नाहीत आणि धाकट्याला साध्या पाळण्यातही गरगरतं. तिकिटं काढून बाकावर बसायचं तर घरचा सोफा काय वाईट आहे?

बाकी माहिती अशी: मुलगी ११ ची, मुलगा ६ चा, दोघांना समुद्र हवाच. साबुंना पक्षी बघायचा नाद, भिगवणला नेमाने जाणारे. साबा शाकाहारी, अंडंही चालत नाही. नवऱ्याचं व्हिसा स्टँपिंग संपलंय, त्यामुळे कॅनकून, बहामा वगैरे देशाबाहेरचं काही सुचवू नका. हवाईची विमानाची तिकिटं बघितली आणि लॅपटॉप मिटला.

तिखटजाळ

ॲरिझोना बघा. टुसॉनला सग्वारो निवडुंगांचं राष्ट्रीय उद्यान शहराच्या दोन्ही बाजूंना आहे. लख्ख ऊन, कोरडी हवा, गर्दी कमी. समुद्र नाही एवढंच.

खारवारा

टुसॉनला दुपार छान असते हो, पण सूर्य मावळला की पारा चार-पाच सेल्सिअसवर. म्हणजे सासूबाई परत हीटरशेजारी. :)

मी फ्लोरिडातल्या नेपल्सजवळ राहतो, तेव्हा माझं मत पक्षपाती आहे असं समजूनच वाचा. फ्लोरिडालाच या, पण ऑर्लँडोच्या बरंच खाली. फ्लोरिडा सगळीकडे सारखंच उबदार असतं असं लोक धरून चालतात. तसं नाही. वरच्या पट्ट्यात, डेस्टिनकडे, डिसेंबरात चांगला स्वेटर लागतो. सेंट ऑगस्टिन हे १५६५ सालचं स्पॅनिश गाव, शंखशिंपल्यांच्या दगडाचा किल्ला बघण्यासारखा, ख्रिसमसची रोषणाईही सुंदर. पण पोहायचं नाव काढू नका. मायामी ते नेपल्स अशी आडवी रेघ मारा आणि तिच्या आसपास किंवा खाली राहा. मायामीत डिसेंबरची दुपार सरासरी ७७ फॅरनहाइट, म्हणजे २५ सेल्सिअस. संध्याकाळी अंगावर एखादी शाल पुरते.

आणि मुख्य म्हणजे डिसेंबर हा एव्हरग्लेड्सचा, म्हणजे इथल्या दलदलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा हंगाम. पावसाळ्यात तिथे डास माणसाला उचलून नेतील. नोव्हेंबर ते एप्रिल हवा कोरडी. पाणी ओसरत जातं, उरलेल्या डोहांत मासे कोंडतात आणि त्यांच्यामागे पक्षी आणि मगरी तिथेच गोळा होतात. साबुंना पक्षी शोधत फिरावं लागणार नाही.

होमस्टेड गावाकडच्या दारातून आत गेल्यावर थोड्याच अंतरावर रॉयल पाम आहे. तिथली अनहिंगा पायवाट मैलभरही नाही, पक्की आणि सपाट, त्यामुळे साबांनाही जमेल. कठड्याखाली ॲलिगेटर उन्हात पडलेले असतात. अनहिंगा हा आपल्याकडच्या तिरंदाजाचा सख्खा भाऊबंद. पाण्यातून वर येतो, काठावरच्या फांदीवर पंख पसरून वाळवत बसतो, अगदी हाताच्या अंतरावर. साबुंना ओळख करून द्यावी लागणार नाही.

तिथे गाडी लावताना एक करा. काळी गिधाडं गाड्यांच्या वायपरचं आणि काचेभोवतीचं रबर चोचीने ओढून काढतात. वाहनतळाजवळ ताडपत्र्या आणि रबरी दोऱ्या ठेवलेल्या असतात. आळस न करता गाडी झाकूनच पुढे जा. भाड्याची गाडी असेल तर नक्कीच. मुलांना फिरण्यापेक्षा गाडीला ताडपत्री बांधण्यातच जास्त मजा येते, हे वेगळं सांगायला नको.

दारापासून त्याच रस्त्याने ३८ मैल गेलं की शेवटी फ्लेमिंगो नावाचं ठिकाण. धक्क्यावर खाऱ्या पाण्यातली मगर आणि ॲलिगेटर दोन्ही दिसू शकतात. हे दोन्ही प्राणी निसर्गात एकत्र राहतात असा जगात हा एकच भाग. फ्लेमिंगो मात्र तिथे क्वचितच दिसतात. त्यासाठी भिगवणच बरं.

भटकभवानी

खारवारा, एव्हरग्लेड्स मान्य, पण मुलांना समुद्र हवाय ना? डिसेंबरात तुमच्याकडच्या गल्फचं (मेक्सिकोच्या आखाताचं) पाणी वीस सेल्सिअसच्या आसपास. साहेब लोक पोहतात, आपली पोरं दहा मिनिटांत निळी पडतात.

साळुंकी, मी प्वेर्तो रिको सुचवेन, कॅरिबियनमधलं अमेरिकेचंच बेट. देशांतर्गतच विमान, त्यामुळे स्टँपिंगचा प्रश्न येत नाही. थेट विमान घ्या, मध्ये दुसऱ्या देशात थांबणारं नको. सगळ्यांचे पासपोर्ट आणि नवऱ्याचे आय-९४ (प्रवेशाची नोंद), आय-७९७ (मंजुरीचं पत्र) जवळ ठेवा. सान हुआनला डिसेंबरात २८-२९ सेल्सिअस आणि समुद्र खरोखर कोमट. जुन्या शहरात एल मोरो किल्ला, समोर मोठं हिरवं मैदान, वारा भन्नाट. मुलांना पतंग घेऊन द्या आणि साबांना सावली बघून बसवा. एल युन्के हे जंगल गाडीतूनही बघता येतं. ला कोका धबधबा रस्त्याला लागूनच आहे. पाऊस केव्हाही येतो, छत्र्या न्या. तिथे ख्रिसमस २५ ला संपत नाही, ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत चालतो.

आणि चमकणारं पाणी! व्हिएकेस, फाहार्दो आणि ला पार्गेरा अशा तीन ठिकाणी खाडीतले सूक्ष्म जीव पाणी हललं की निळे उजळतात. वल्हं मारलं की वल्ह्याला उजेड लागतो. कोकणात हिवाळ्यात कधीमधी लाटा चमकतात तोच प्रकार, पण इथे भरवशाचा. अट एकच, काळोख हवा. कालनिर्णय काढा आणि अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. पौर्णिमेला गेलात तर पैसे पाण्यात, शब्दशः.

साळुंकी

दोघांचेही आभार, आता घरात दोन तट पडलेत. लेक निळ्या पाण्याच्या बाजूने, साबु तिरंदाजाच्या बाजूने, नवरा म्हणतो तुम्ही ठरवा.

साबांच्या जेवणाचं दोन्हीकडे कसं? आणि खारवारा, थंडीची लाट येते असं ऐकलंय, खरंय का? २०२२ च्या ख्रिसमसला माझी मैत्रीण मायामीत कुडकुडत होती.

भटकभवानी

जेवण हा प्वेर्तो रिकोचा कच्चा दुवा, खोटं कशाला बोलू. मोफोंगो म्हणजे कुटलेलं कच्चं केळं, ऐकायला शाकाहारी, पण त्यात बऱ्याचदा डुकराची तळलेली कातडी असते. राजम्यासारख्या घेवड्यातही हॅम टाकतात. कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले तोस्तोनेस चालतील, पण तेही कशाच्या तेलात तळले ते विचारावं लागेल. स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या. परत येताना विमानतळावर शेतीखात्याची तपासणी असते. सगळी ताजी फळं आणू देत नाहीत, आंबा वगैरे पिशवीत ठेवू नका.

खारवारा

लाट येते. २०२२ चा ख्रिसमस खरंच गार होता. झाडावरचे इग्वाना थंडीने बधिर होऊन खाली पडतात. जानेवारी २०२० मध्ये तर मायामीच्या हवामान खात्याने तसा इशारा दिला होता, बहुतेक मरत नाहीत, ऊन आलं की चालू लागतात. पण अशी लाट दोन-तीन दिवसांत ओसरते.

आणि गार दिवसासाठीच एक जागा राखून ठेवा. फोर्ट मायर्सला मॅनटी पार्क आहे. मॅनटी म्हणजे समुद्रगाय. गल्फचं पाणी ६८ फॅरनहाइटच्या खाली गेलं की त्या ऊब शोधत वर नदीत येतात, कारण तिथल्या वीज केंद्रातून कोमट पाणी सोडलेलं असतं. हवा जितकी गार, तितक्या गाई जास्त. काठावर उभं राहायचं, पाण्यातून दोन नाकपुड्या वर येतात, फुस्स असा आवाज होतो आणि परत खाली. सहा वर्षांच्या मुलाला तो आवाज इतका आवडतो की आठवडाभर ऐकायला लागेल. क्रिस्टल रिव्हरला त्यांच्यासोबत पाण्यात उतरता येतं, पण ते इथून बरंच लांब आहे. या खेपेला सोडा.

गल्फच्या पाण्याबद्दल भटकभवानी बरोबर बोलतायत. मायामीच्या बाजूचा अटलांटिक २४ च्या आसपास असतो, पोहणं तिकडे उरका. गल्फकडे शिंपले वेचायला या. सॅनिबेल बेट इतर बेटांसारखं उत्तर-दक्षिण नाही, पूर्व-पश्चिम आडवं पडलंय, त्यामुळे शंखशिंपले ढिगाने किनाऱ्याला लागतात. २०२२ च्या इअन वादळात बेटाचा रस्ता तुटला, दीपगृहाचा एक पाय वाहून गेला. रस्ता आणि दीपगृह दोन्ही पुन्हा उभे आहेत. आत जीव असलेला शिंपला उचलायला बंदी आहे, हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर तिथे रडारड.

दर्यावर्दी

शिंपल्यांना ओहोटी बघून जा, पहाटेची असेल तर उत्तम. लोक बॅटरी घेऊन येतात. वारा समुद्राकडून वाहून गेला असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी जास्त मिळतात. पायात चपला असू द्या.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या कीज बेटांवर मात्र कोकणासारखी पुळण मिळेल या आशेने जाऊ नका. बाहेर प्रवाळाची भिंत असल्याने लाटा वाळू आणत नाहीत, बरेचसे किनारे खडकाळ किंवा माणसाने वाळू टाकून केलेले आहेत. बाहिया होंडा त्यातल्या त्यात चांगला. आणि मायामीहून की वेस्ट एका दिवसात जाऊन येण्याचा बेत कोणी सुचवला तर त्याचं ऐकू नका. एकच रस्ता, त्या आठवड्यात गाड्यांची रांग, साबांचे गुडघे गाडीतच आखडतील. की लार्गोला पेनेकँप उद्यानात काचेच्या तळाची बोट आहे, तिथून मागे फिरा. पोटात ढवळत असेल तर धाकट्याला गोळी आधी द्या.

तिखटजाळ

केनेडी स्पेस सेंटर कोणीच कसं नाही म्हणालं? ११ च्या मुलीला चंद्रावर जाणारं खरं सॅटर्न ५ रॉकेट आडवं ठेवलेलं बघायला मिळेल.

खारवारा

बघण्यासारखं आहे, पण ते वर, टायटसव्हिलजवळ. आणि तिकीट, रांग, बसगाडी, दुकान, सगळं आहे. साळुंकी ज्यापासून पळतेय त्याचाच चुलतभाऊ.

साळुंकी, माझा बेत असा. फोर्ट लॉडरडेल किंवा मायामीला उतरा, पहिला मुक्काम होमस्टेडकडे. अनहिंगा पायवाट, फ्लेमिंगो, एक दिवस की लार्गो. होमस्टेडला 'रॉबर्ट इज हिअर' हे १९५९ पासूनचं फळांचं दुकान आहे. फणस, पेरू, कमरख, चिकूच्या जातभाईतली मामेय, जे लागलं असेल ते. साबांना तिथे सोडा, तासभर बाहेर काढू नका. चिकू मुळात याच बाजूचा, मेक्सिको-मध्य अमेरिकेतला, हे ऐकून माझ्या आईचा विश्वास बसला नव्हता. घोलवडचाच असं तिचं ठाम मत.

मग यूएस ४१ रस्त्याने पश्चिमेला. वाटेत शार्क व्हॅली, नावात शार्क असला तरी तिथे शार्क नाही. १५ मैलांचा वळसा दोन तासांच्या ट्रॅममधून होतो, बसून, सावलीत. हा साबांसाठी सगळ्यात सोयीचा दिवस. टोकाच्या मनोऱ्यावर पायऱ्या नाहीत, गोल चढण आहे. ट्रॅमची जागा आत्ताच राखा आणि सकाळी लवकर पोचा. वाहनतळ भरला की गाड्या हमरस्त्यावर लागतात. पुढे ओचोपीला देशातलं सगळ्यात लहान टपाल कार्यालय आहे, जेमतेम एका खोलीचं. उघडं असेल तर मुलांकडून पुण्याला पोस्टकार्ड टाका. दुसरा मुक्काम फोर्ट मायर्स किंवा नेपल्सकडे, आणि परतीचं विमान फोर्ट मायर्सहून.

२४ च्या संध्याकाळी मायामीकडची क्युबन मंडळी घरी जेवायला बसतात, उपाहारगृहं लवकर मिटतात, आणि पानात डुक्करच असतं. २५ ला पब्लिक्स ही किराणा दुकानं बंद. दूध, भाजी, दही २३ लाच भरून ठेवा. सरकारी स्टेट पार्क मात्र २५ लाही उघडी असतात, सकाळी ८ ते सूर्यास्त. ख्रिसमसच्या सकाळी आमच्याकडचे किनारे शांत असतात, सगळे घरी भेटवस्तू उघडत बसलेले.

साळुंकी

ठरलं, फ्लोरिडा. मतदान झालं, लेकीला पुढच्या वर्षीचं निळं पाणी कबूल केलंय. अमावास्या बघायचं काम साबांकडे.

दोन शंका: सहा जणांना गाडी कुठली घ्यावी? आणि कुकर न्यावा का?

दर्यावर्दी

मिनीव्हॅन, आणि आजच राखा. त्या आठवड्यात शेवटी उरतात त्या छोट्या गाड्या. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायची तर जादा किती लागतं ते आधी विचारा. टोलचंही विचारा, फ्लोरिडात रोख घेणारे नाके फारसे उरलेले नाहीत आणि गाडीवाले रोजचा आकार लावतात.

भटकभवानी

कुकर कशाला, घरमालकाला विचारा, बऱ्याच घरांत इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) असतो. मसाल्याचा डबा, पोहे, मेतकूट, कणीक बॅगेत टाका. लोणचं चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत तेल दिसलं की काढून घेतील. आणि पोळपाट-लाटणं न्याच. तवा कुठेही मिळतो, पोळपाट कुठे मागणार?