मदत हवी आहे: ८७ जणांना क्लास 'आवडेल', पैसे भरले दोघांनी

कोरी वही:
ऑनलाइन क्लास सुरू करतेय. आधी गूगल फॉर्म फिरवला होता. १०४ जणांनी भरला, त्यातल्या ८७ जणांनी 'असा क्लास करायला आवडेल' वर टिक केलं. नोंदणी उघडून पाच दिवस झाले, पैसे भरले दोघांनी. फी कमी करू की जाहिरात वाढवू? सोमवारी बॅच आहे, प्लीज लवकर सांगा.

वजाबाकी:
कसला क्लास? फॉर्म कुणाला पाठवला? जरा इस्कटून सांगा, आम्ही सगळे अंधारात चाचपडतोय.

माईकवाला:
झूमचं फुकट खातं असेल तर ४० मिनिटांनी मीटिंग बंद पडते, ध्यानात ठेवा. लॅपटॉपच्या माइकवर भागवू नका, कॉलर माइक घ्या.

कोरी वही:
अहो माईकवाला, ते विचारलंच नाहीये! क्लास एक्सेलचा, सहा आठवड्यांचा. फॉर्म व्हॉट्सॅपवर, नेहमीच्या ग्रुपांवर.

वजाबाकी:
म्हणजे नातलग आणि मैत्रिणी. मग ते ८७ 'हो' तुम्हाला होते, क्लासला नव्हते. 'आवडेल का' विचारू नका, घडलेलं विचारा: एक्सेलमध्ये शेवटचं कधी अडलात? तेव्हा काय केलंत? किती वेळ गेला? ज्याला एकही प्रसंग आठवत नाही तो गिऱ्हाईक नाही, फॉर्ममध्ये काही का लिहीना. आठ-दहा अनोळखी लोकांशी वीस-वीस मिनिटं फोनवर बोला. पहिली पंधरा मिनिटं क्लासचं नाव काढायचं नाही. त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या.

अर्धविराम:
पाच जण पुरेत. वेबसाइट वापरायला किती सोपी ते तपासणारे तज्ज्ञ जेकब निल्सन, त्यांचा नियमच आहे.

वजाबाकी:
तो नियम वेबसाइट वापरताना लोक कुठे अडखळतात ते शोधण्यासाठी आहे. विक्रीचा अंदाज त्यावरून बांधत नाहीत.

अर्धविराम:
आणि दहा जणांवरून बांधतात?

वजाबाकी:
नाही. दहा जणांकडून दुखणं कळतं. घेणार किती, ते पैसे मागितल्यावरच. एक पान करा: क्लास कुणासाठी, शेवटी काय जमेल, तारीख, फी, आगाऊ नोंदणीचं बटण. अमुक तारखेपर्यंत दहा जण झाले नाहीत तर पूर्ण पैसे परत, हेही लिहा. पान किती जणांनी पाहिलं ते मोजा. तीस जणांनी पाहून एकानेही घेतलं नाही तर लगेच हाय खाऊ नका. शून्य आलं की घेणाऱ्यांच्या खऱ्या प्रमाणाची वरची मर्यादा काढायला ३ ला पाहणाऱ्यांच्या संख्येने भागायचं. म्हणजे तीस जणांत शून्य आलं तरी खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंतही असू शकतं. ३०० जणांत शून्य आलं तर मात्र १ टक्क्याच्या वर बहुधा नाही.

तिरपी रेघ:
एवढा खटाटोप कशाला? कुठला शब्द किती शोधला जातो ते आलेखात दाखवणारं गूगल ट्रेंड्स बघा, एक्सेलची रेघ कुठे आहे ते.

अर्धविराम:
तिथलं १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत. निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च बिंदूला १०० धरून बाकीचं मोजतात. आणि 'एक्सेल' शोधणाऱ्याला नुसतं फुकट डाउनलोडही हवं असेल.

सेल बी७:
मुळात 'एक्सेल' हा विषय अवाढव्य आहे, दुखणं बारीक असतं. दोन याद्या जुळवायच्या असतात, नाव दोन्हीकडे डोळ्यांना दिसतंय, तरी यादीतून शोधून आणणारा व्हीलुकअप फॉर्म्युला #एन/ए, म्हणजे 'सापडलं नाही', दाखवतो. बरेचदा नावामागे एक स्पेस लपलेली असते, किंवा एकीकडे आकडा, दुसरीकडे तोच आकडा मजकूर म्हणून. फोनवर ज्याच्या तोंडून आपणहून हे येईल तो तुमचा विद्यार्थी. आवृत्तीही विचाराच. एक्सलुकअप हा व्हीलुकअपचा नवा भाऊ एक्सेल २०१९ मध्ये नाही, २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे. अर्ध्या वर्गाकडे फॉर्म्युलाच नसेल तर तो तास फुकट.

अर्धविराम:
व्हीलुकअप हवंय कुणाला? त्याच कामाला इंडेक्स-मॅच ही फॉर्म्युल्यांची जोडी शिकवा.

सेल बी७:
अवांतर. वेगळा धागा काढा.

कोरी वही:
फी कमी करू का, हे अजून कुणी सांगितलंच नाही. आणि त्या दोघांचं काय?

वजाबाकी:
फीला आत्ता हात लावू नका, मग कशामुळे काय झालं ते कळणार नाही. बॅच पुढे ढकला, दोघांना पैसे परत देऊ करा. आणि फोन करून विचारा, भरायच्या आदल्या दिवशी नेमकं काय अडलं होतं? बाकी नोंदणीचं पान १७ जणांनी पाहिलं की १७०० जणांनी, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

कोरी वही:
ते कुठे दिसतं?