हॉटेलसारखी लॉबी बघून पेशंट बरा होतोय व्हय?

रंकाळावाला: सकाळी कुणीतरी ग्रुपवर नव्या हॉस्पिटलच्या संगमरवरी लॉबीचे फोटो टाकलेत, खाली लिहिलंय ‘रिसर्च सांगतो, अशा वातावरणात पेशंट लवकर बरा होतो’. डोकंच फिरलं. तो रिसर्च लॉबीचा नाहीच! रॉजर उलरिच नावाच्या संशोधकानं १९८४ ला ‘सायन्स’ जर्नलमध्ये छापला, पेनसिल्व्हेनियातले पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, निम्म्यांना खिडकीतनं झाडं दिसायची, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी, भिंतवाले ८.७०, कडक पेनकिलर पण कमी. पैसे खाटेजवळच्या खिडकीवर घाला की.

शाहूपुरीकर: पाऊण दिवसासाठी एवढा दंगा? तेबी ४६ पेशंटवर? आमच्या आईच्या खिडकीबाहेर जनरेटर धडधडत होता, वाचवलं डॉक्टरनी. आणि जनरेटरवरनं आठवलं, कोल्हापूरचा २०१९ चा पूर बघूनसुद्धा तळमजल्यावरच जनरेटर ठेवणाऱ्यांना आधी धरा, झाडं मागनं लावा.

पेठेतला भाऊ: खिडकीचं नर्सिंगवाल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ ला लिहून ठेवलंय, समोरासमोर उंच खिडक्या, वारा आरपार. आता काचा सील, एसी बंद पडला की वॉर्डाची भट्टी. आणि नातेवाईकांचं काय ते बोला! गडहिंग्लजहून एसटीनं आलेला माणूस रात्री जिन्यात पेपर टाकून झोपतोय.

निवृत्त सिस्टर: जिन्यातच बरा. खाटेभोवती सहाजण बसून रश्श्याचा डबा उघडतात, शेजारच्याला नळी घातलेली, त्याला मळमळ.

पेठेतला भाऊ: ओ सिस्टर, तुमच्याकडं माणसं कमी म्हणून नातेवाईकच सलाईन संपलं का बघत बसतोय. रश्श्यावर जाऊ नका.

निवृत्त सिस्टर: आवाज खाली. एकटीनं आख्खा वॉर्ड सांभाळलाय मी. स्वतंत्र खोल्यांत संसर्ग कमी होतो हे खरं, पण सिस्टरच्या टेबलावरनं पेशंट दिसत नाही, पडला तर कळणार कुणाला? नकाशा काढताना आम्हाला कुणी विचारलंय कधी?

शाहूपुरीकर: म्हणजे नातेवाईक पाहिजेच की! एका खोलीत एकच, आणि त्याला झोपायला बाक.

रंकाळावाला: धागा खिडकीचा होता हो...

शाहूपुरीकर: बरं बाबा, तुमची खिडकी मान्य. बाक तिच्याखालीच टाका, झाड आम्ही बघतो, पेशंट झोपलेलाच असतोय.

निवृत्त सिस्टर: आणि रस्सा कँटीनला.