मदत हवी आहे: मेसोथेलिओमाचा (बहुतेकदा अ‍ॅस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कॅन्सर) संशय, बायोप्सी कोणती करावी?

बाबा ७१ वर्षांचे, १८ वर्षं अ‍ॅस्बेस्टॉस पत्र्याच्या कारखान्यात कटिंगवर होते. घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. विडी-सिगारेट कधीच नाही. आता उजव्या फुप्फुसाभोवती पाणी होतंय. दोनदा काढलं, परत भरलं. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत, टीबीही नाही, पण सीटीत आवरण जाड दिसतंय. नुसत्या पाण्यावरून हा आजार बरेचदा पकडता येत नाही, म्हणून बायोप्सी करायचीच आहे. स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

कारखाना बंद पडलाय, हातात फक्त जुनी पीएफची स्लिप. मेसोथेलिओमा कामगार भरपाई कायद्यातल्या कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत आहे, म्हणून विचारतोय.

अशा पेशंटची बायोप्सी दुर्बिणीतून झाली की सीटी बघून सुईने? आणि कामाचा पुरावा म्हणून ती स्लिप कुणाची चालली आहे का?