मदत हवी आहे: नवीन मशीन घेतल्यापासून घरची बिअर पातळ होतेय आणि तीन आठवड्यांत शिळी लागतेय

ओला_देवदार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी ओरेगनमधल्या पोर्टलंडला राहतो. दोन वर्षांपासून घरी बिअर करतो. इथे १९७८ च्या कायद्याने घरापुरती बिअर करायला मोकळीक आहे. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर, फक्त विकायची नाही. माझा महिन्याला एक छोटा घाणा असतो, त्यामुळे त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही.

पहिलं दीड वर्ष गॅसवर १२ लिटरचं स्टीलचं पातेलं आणि एक मोठी फडक्याची पिशवी, एवढ्यावर काम चाललं. पिशवीत भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू), ६६ अंशांचं पाणी, तासभर झाकून ठेवायचं (हाच मॅश), मग पिशवी उचलून चक्का बांधतो तशी टांगायची आणि पिळायची. १.३ किलो माल्टमधून ५ लिटर निघायचं, हायड्रोमीटर (रसात साखर किती ते गुरुत्वाच्या आकड्यात दाखवणारी काचेची नळी) १.०५२ दाखवायचा. फिकट रंगाची पेल एल बिअर, हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं) कॅस्केड. (हा वाण इथून दीड-दोन तासांवरच्या कॉर्वॅलिसमधला, १९७२ साली बाहेर आला. मला त्याचा पपनसासारखा वास फार आवडतो.) बाटल्या दोन महिने उत्तम राहायच्या.

पण ५ लिटर म्हणजे १४ बाटल्या. दिवस सगळा जातो आणि दोन मित्र आले की संपलं. म्हणून फेब्रुवारीत जमवलेले पैसे खर्च करून ३५ लिटरचं इलेक्ट्रिक मशीन घेतलं. १६०० वॅट, खाली पंप, आत जाळीच्या तळाचं दुसरं भांडं. सोबत ३० लिटरचा प्लास्टिकचा फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं), जुना फ्रिज आणि त्याला तापमान नियंत्रक. घाणा मात्र १० लिटरचाच ठेवला, कारण ठेवायला जागा तेवढीच आहे.

आतापर्यंत तीन घाणे झाले आणि तिन्ही बिघडले. शेवटच्याचे आकडे असे: माल्ट २.४ किलो, मॅशला १२ लिटर पाणी, वरून धुवायला ३ लिटर. एक तास उकळून मशीनमध्ये ११ लिटर उरलं, गुरुत्व १.०४१. अपेक्षा १.०५० ची होती. फर्मेंटरमध्ये गेलं फक्त साडेआठ लिटर, बाकी गाळ आणि पंपाच्या नळीत राहिलं.

दुसरी तक्रार मला जास्त लागली आहे. बाटली पहिल्या आठवड्यात छान लागते. तिसऱ्या आठवड्यात रंग मधासारखा होता तो चहासारखा होतो, हॉप्सचा वास जातो आणि मागे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव राहते. आंबट नाही, बुरशी नाही.

हे तपासून झालंय: हायड्रोमीटर २० अंशांच्या पाण्यात १.००० दाखवतो, नमुना थंड करूनच मोजतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन (जंतुनाशक) घालवायला पाव कॅम्पडेन गोळी टाकतो. सगळं निर्जंतुक करतो.

सप्टेंबरात मोठा भाऊ नाशिकहून पहिल्यांदा इकडे येतोय. त्याच्यासमोर ठेवण्यासारखी बिअर व्हावी असं मनापासून वाटतं. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

---

सातूवाला

धागा नीट आकड्यांसकट काढलात, त्यामुळे सांगणं सोपं जाईल. आधी चार प्रश्न. माल्ट कोण भरडतं आणि ते किती जाडं असतं? मॅशच्या वेळी आतल्या भांड्यात माल्टचा थर किती जाड असतो? त्या भांड्याच्या खाली किती पाणी राहतं? पीएच मोजता का?

---

ओला_देवदार

भरडून दुकानातूनच आणतो. लापशीच्या रव्याहून जाडं, काही दाणे अख्खेच दिसतात. थर जेमतेम चार बोटं. खाली अंदाजे ४ लिटर. पीएच काल तुमच्या प्रश्नामुळे पट्टीने मोजला, ५.७-५.८ वाटतो.

---

सातूवाला

मग बरंचसं कळलं. तुमचे आकडे मांडून बघू. एक किलो पेल माल्ट एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ३०० गुण देतं असं धरा (१.०५० म्हणजे ५० गुण). २.४ किलोचे ७२० झाले. उकळल्यावर तुमच्याकडे ११ लिटर आणि ४१ गुण, म्हणजे ४५१. ७२० पैकी ४५१ म्हणजे ६३ टक्के. पातेल्यातल्या जुन्या घाण्यात तुम्हाला ६७ च्या आसपास मिळत असणार. फर्मेंटरपर्यंत पोचले साडेआठ गुणिले ४१, म्हणजे ३४८. ते झाले ४८ टक्के.

म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळ्या गळती आहेत. पहिली मॅशमध्ये, दुसरी तळाशी. एकीचा उपाय दुसरीवर करून चालणार नाही.

मॅशची आधी. ही मशीनं २०-२३ लिटरसाठी घडवलेली असतात. पाच-साडेपाच किलो माल्ट घातलं की थर वीतभर होतो. पंपाने वरून सोडलेलं पाणी त्यातून हळूहळू झिरपतं आणि साखर घेऊन खाली जातं. चार बोटांच्या थरात पाणी वाट शोधतं. एकदा वाट पडली की सगळं तिथूनच वाहतं आणि बाजूचं माल्ट न धुतलेलंच राहतं. शिवाय तुमच्या १२ लिटरांपैकी ४ लिटर भांड्याखाली, माल्टपासून दूर. तापमापी तळाशी असल्यामुळे पडद्यावर ६६ दिसतं, थरात सळईसारखी तापमापी खुपसून बघा, दोन-तीन अंश कमी निघेल.

माझा सल्ला: १० लिटरच्या घाण्याला आतलं भांडं काढून ठेवा आणि तुमची जुनी पिशवी मशीनमध्येच वापरा. पिशवी तापत्या तळाला टेकू नये म्हणून खाली स्टीलची जाळी हवी. सगळं पाणी एकदम घाला, धुणं नको. दर १५-२० मिनिटांनी तळापासून ढवळा. गरम करायची वेळ आली तर पंप चालू ठेवून कमी वॅटवर करा. पिशवी असली की माल्ट बारीक भरडलं तरी अडत नाही, दुकानदाराला दोनदा भरडून द्यायला सांगा. अख्खा दाणा दिसता कामा नये. त्यातून काही मिळत नाही.

आता पाणी. पोर्टलंडचं पाणी बुल रनच्या जंगलातलं, जवळजवळ पावसाचंच, कॅल्शियम फार कमी. २०२२ पासून पाइप गंजू नयेत म्हणून त्यात सोडा अ‍ॅश सोडतात, त्यामुळे थोडी अल्कता आली आहे. फिकट माल्टला ५.३-५.४ पीएच हवा. साडेतेरा लिटरला ३ ग्रॅम जिप्सम घातलंत की कॅल्शियम ५० पीपीएमच्या आसपास जातं. वर ८८ टक्क्यांचं लॅक्टिक आम्ल दीड मिली, पण एकदम नको. अर्धं घाला, मोजा, मग बाकीचं. पट्टीपेक्षा साधा पीएच मीटर घ्या.

तळाशी राहणारं: दोन-अडीच लिटर २३ लिटरच्या घाण्यात खपून जातं, दहात तो पाव हिस्सा होतो. हॉप्स बारीक जाळीच्या पिशवीत टाका म्हणजे गाळ कमी होईल, आणि शेवटी मशीनच्या मागच्या कडेखाली लाकडी फळी सरकवून तोटीकडे कलतं करा. वाफेचंही तेच. तासाला २ लिटर उडतात ते घाणा १३ लिटरचा असो की २५ चा, वाफ वॅटवर ठरते. २५ मधून ते ८ टक्के, तुमच्या १३ मधून १५ टक्के. उकळी फुटली की ११०० वॅटवर आणा. हळू पण सतत उकळलं पाहिजे.

---

नदीकाठ

सातूवाल्यांशी सहमत. मी फक्त पुठ्ठ्याच्या चवीबद्दल लिहिते, कारण यातून मी स्वतः गेले आहे.

तुम्ही वर्णन केलंत ते ऑक्सिजनचं काम आहे. संसर्गाचं नाही, म्हणून कितीही निर्जंतुक केलंत तरी जाणार नाही. मला शंका तुमच्या फ्रिजची आहे. आंबणं संपल्यावर गाळ बसावा म्हणून फर्मेंटर तसाच थंड करता का? आणि वासासाठीचे हॉप्स फर्मेंटरमध्ये कधी टाकता?

---

ओला_देवदार

हो, करतो. १९ वरून ३ अंशांवर आणून दोन दिवस ठेवतो. सगळे सांगतात की बिअर नितळ होते, आणि झालीही. हॉप्स दहाव्या दिवशी, बुडबुडे थांबल्यावर, झाकण उघडून. मग नळीने दुसऱ्या बादलीत घेतो, साखरेचा पाक मिसळतो आणि बाटल्या भरतो.

---

नदीकाठ

मग हिशोब बघा. ३० लिटरच्या फर्मेंटरमध्ये साडेआठ लिटर बिअर, वर साडेएकवीस लिटर वायू. आंबत असताना तो कार्बन डायऑक्साइड असतो, त्याने काही बिघडत नाही. १९ वरून ३ अंशांवर आणलंत की तो साडेपाच टक्के आकसतो, म्हणजे एक लिटरहून जास्त. शिवाय थंड बिअर तो वायू अधिक विरघळवून घेते. ती पोकळी भरायला एअरलॉकमधून (झाकणावरची पाणी भरलेली, वायू सुटायची झडप) बाहेरची हवा आत येते. एक लिटर हवेत पाव ग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन असतो. साडेआठ लिटर पेल एलला तो फार झाला. जुन्या पातेल्याच्या काळात तुमच्याकडे फ्रिज नव्हता आणि भांडंही लहान होतं, म्हणून बाटल्या टिकत होत्या.

त्यावर दहाव्या दिवशी झाकण उघडलंत, तेव्हा यीस्ट झोपलेलं होतं. आत गेलेली हवा खायला कोणी जागं नव्हतं. आणि मग दुसरी बादली.

मी हे करते: १२ लिटरचा फर्मेंटर, खाली तोटी असलेला. पहिले दोन दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी पाण्याच्या बरणीत सोडायची, कारण फेस वर येतो. हॉप्स चौथ्या दिवशी, गुरुत्व अजून चार-पाच गुण उतरायचं असताना. मग झाकण उघडायचं नाही. दुसरी बादली बंद. थंड करणंही बंद. बाटल्यांत फसफस तयार झाली की बाटल्याच आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवा, गाळ तिथे बसतो.

साखर थेट बाटलीत घाला. ३५५ मिलीच्या बाटलीला २ ग्रॅम, दागिने तोलायचा छोटा काटा मिळतो त्यावर तोलून. तोटीला भरायची नळी लावून बाटली तळापासून भरा आणि वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडा.

एक गोष्ट फार महत्त्वाची: गुरुत्व दोन-तीन दिवस एकाच आकड्यावर थांबल्याशिवाय बाटली भरू नका. तोटीतून नमुना घेता येतो. साखर शिल्लक असताना भरलेली काचेची बाटली फुटते. माझ्या ओळखीच्या एका घरात काच दाराच्या लाकडात रुतली होती. सुदैवाने खोलीत कोणी नव्हतं.

---

पेठेतला

वाचायला फार मजा आली. पुण्यात हे घरी करता येईल का? माल्ट आणि यीस्ट ऑनलाइन दिसतंय.

---

सातूवाला

नको. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा ठरतो आणि घरापुरतं म्हणून सूट नाही. मायक्रोब्रुअरीचा परवाना व्यवसायासाठी असतो. शिकायचंच असेल तर शहरातल्या एखाद्या ब्रूपबमध्ये ब्रुअरना भेटा, मॅश चालू असताना बघू द्या म्हणून विनंती करा. माझ्या अनुभवात या कामातली माणसं आनंदाने दाखवतात.

---

ओला_देवदार

सप्टेंबर सुरू झाला, म्हणून धागा वर आणतोय.

जुलैच्या शेवटी दोघांनी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. पिशवी, दोनदा भरडलेलं माल्ट, १३.६ लिटर पाणी एकदम, ३ ग्रॅम जिप्सम. लॅक्टिक आम्ल एक मिलीच पुरलं, मीटरवर ५.४ आला. सळईसारख्या तापमापीने बघितलं तर जुन्या पद्धतीत थरात खरोखर तीन अंश कमी असणार, कारण ढवळल्यानंतरही कडेला आणि मधे एक अंशाचा फरक होता. चोथा पिळताना हात पोळले, पुढच्या वेळी जाड हातमोजे. उकळल्यावर १०.८ लिटर आणि १.०५०. सातूवाले, तुमच्या हिशोबाने बरोबर ७५ टक्के! मी आकडा बघून स्वयंपाकघरातच ओरडलो. मशीन कलतं केल्यामुळे तळाशी एकच लिटर राहिलं.

नदीकाठ, १२ लिटरचा फर्मेंटर घेतला, हॉप्स चौथ्या दिवशी टाकले, झाकण पुन्हा उघडलं नाही. २६ बाटल्या झाल्या. थोडी गढूळ आहे, तेवढं मला चालतं.

भाऊ परवा आला. काल चौथ्या आठवड्यातली बाटली फोडली. रंग मधाचाच आहे. बाटली उघडल्याबरोबर दादा म्हणाला, "अरे, पपनस सोललंय का कुणी?" त्याला मी हॉप्सबद्दल काहीही सांगितलं नव्हतं. तुम्हा दोघांचे किती आभार मानू कळत नाही.

आता एक विचारायचंय. इथे विलामेट खोऱ्यात हॉप्सची तोडणी चालू आहे. रविवारी दादाला घेऊन एका शेतावर जाणार आहे, ताजे हॉप्स पिशवीने देतात म्हणे. सुक्या ३० ग्रॅमच्या जागी ओले किती घ्यायचे?

---

नदीकाठ

वजनाने पाच ते सहापट. म्हणजे तुम्हाला १५०-१८० ग्रॅम, आणि मोठ्या जाळीची पिशवी, कारण ते फार जागा घेतात. कडूपणासाठी सुरुवातीला सुकेच वापरा, ओले शेवटच्या पाच मिनिटांत घाला. तोडल्यापासून २४ तासांच्या आत वापरायला हवेत, नाहीतर ढिगात गरम होऊन काळे पडतात. त्यामुळे शनिवारीच माल्ट भरडून आणा आणि रविवारी शेतावरून परतताना गाडीत पिशवीचं तोंड उघडं ठेवा.