तालुक्याच्या गावातलं बुद्धिबळ : तुमचे अनुभव लिहा

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि त्या विजेतेपदामुळे ती थेट ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातल्या सर्वोच्च किताबाची मानकरी झाली. त्याच्या आदल्या वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण मिळवलं. महिला संघात दिव्या होती, खुल्या संघात नाशिकचा विदित गुजराथी होता आणि महिलांचे कर्णधार होते पुण्याचे अभिजित कुंटे. तेव्हापासून आमच्या तासगावातही आईवडील विचारायला लागलेत की पोराला बुद्धिबळ शिकवायचं आहे, कुठे पाठवू?

पण नागपूर, नाशिक, पुणे ही मोठी शहरं. आमच्याजवळ सांगली आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा पिढ्यान्‌पिढ्या चालवल्या, महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे त्याच सांगलीची. एका माणसाने दार उघडं ठेवलं तर गावाचं काय होऊ शकतं ते आम्ही जवळून पाहिलंय. तरी सांगलीपासून तासाभराच्या अंतरावरची मुलं तिथवर पोचत नाहीत. मला वाटतं, लहान गावात हुशार मुलांची वाण नाही. पट-सोंगट्या मिळतात, मोबाइलवर धडेही मिळतात. मिळत नाही तो प्रतिस्पर्धी, म्हणजे आपल्यापेक्षा थोडा वरचढ, दर आठवड्याला समोर बसणारा.

तुमच्या गावात ही अडचण कशी सुटली, किंवा का सुटली नाही, ते लिहा. सल्ले नकोत, घडलेलं सांगा. खेळाडू, शिक्षक, पालक, पंच, सगळ्यांनी लिहा.

माध्यमिक शिक्षक, बार्शी तालुका

आमच्या शाळेत पावसाळ्यात मैदानावर चिखल असतो, म्हणून खेळाच्या तासाला बुद्धिबळ सुरू केलं. पहिल्या आठवड्यात मी मुलांना फक्त प्यादी देतो. दोघांची आठ-आठ प्यादी, ज्याचं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. मग राजा आणतो, मग हत्ती, मग उंट. घोडा आणि वजीर सगळ्यात शेवटी. वजीर पहिल्या दिवशी हातात दिला की मुलं त्यालाच पटभर फिरवत बसतात आणि बाकीच्या सोंगट्या घरातच राहतात.

'हात लावला ती सोंगटी खेळायची' हा नियम मी पहिल्या तासापासून लावतो. पोरं रुसतात, पण पुढे जिल्ह्याला गेल्यावर पंचांकडे तक्रार होऊन डाव हातचा जाण्यापेक्षा ते बरं. दुसरा हट्ट डाव लिहून ठेवण्याचा. सातवीतली मुलगी स्वतःचा हरलेला डाव वहीतून पुन्हा मांडते आणि 'सर, इथे चुकलं' म्हणून बोट ठेवते, तेव्हा तिला माझी गरज अर्धी संपलेली असते.

अडचण शालेय स्पर्धेत येते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी चांगली आहे. तिच्यामुळेच शाळा बुद्धिबळाला वेळ देतात, दहावीच्या सवलतीच्या गुणांचाही मोह असतो. पण आमच्याकडे तालुक्याला मुलं खूप आणि दिवस एकच, त्यामुळे बहुतेक वेळा बाद पद्धत. मूल सकाळी डबा घेऊन येतं, पहिला डाव हरतं आणि दहा वाजता मोकळं. शिकायला आलेल्याला शिकायलाच मिळत नाही. म्हणून आम्ही चार शाळांनी मिळून दिवाळीच्या सुट्टीत आपली वेगळी स्पर्धा सुरू केली, स्विस पद्धतीने. हरलेला हरलेल्याशी, जिंकलेला जिंकलेल्याशी, आणि शेवटच्या फेरीपर्यंत कुणीही घरी जात नाही. जोड्या लावणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक लॅपटॉप पुरतो. बक्षीस म्हणून वही-पेन. शेवटच्या फेरीला सगळ्यात खालच्या पटावर जी झुंज होते ती मी पहिल्या पटापेक्षा जास्त आवडीने बघतो.

एका खेळाडूची आई, चिपळूण

शिक्षक सरांचं वाचून बरं वाटलं. मी पालकांची बाजू लिहिते.

मुलगी तिसरीत असताना तिच्या मामाने शिकवलं. दोन वर्षांत ती मामाला हरवायला लागली आणि चिपळुणात तिच्या वयाचं समोर बसणारं कोणी उरलं नाही. मग रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे. एंट्री फी, एसटी, राहणं, जेवण, आणि तिच्याबरोबर एक मोठं माणूस हवंच, म्हणजे माझी रजा. फी सगळ्यांना दिसते, रजा कुणाच्या हिशोबात नसते.

एका स्पर्धेत शेवटची फेरी संध्याकाळी पाचला लावली होती आणि सुरू झाली साडेसहाला. शहरातली मुलं डाव संपवून पंधरा मिनिटांत घरी. आम्ही आणि कणकवलीची एक मुलगी घड्याळाकडे बघत. माझ्या मुलीने बरा असलेला डाव बरोबरीत सोडला, कारण तिला शेवटची गाडी माहीत होती. गुणतक्त्यात अर्धा गुण दिसतो, गाडी दिसत नाही. आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे, बाहेरगावची मुलं किती आहेत ते एंट्री घेतानाच विचारा आणि त्यांच्या परतीच्या वेळेवरून फेऱ्या ठरवा. फेरी लवकर सुरू केली तरी चालेल, आम्ही पहाटे निघू.

मुलींबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण गळती तिथेच दिसते. आठ-नऊ वर्षांच्या गटात मुली भरपूर असतात. आठवीच्या पुढे अचानक दिसेनाशा होतात. घरचे म्हणतात आता अभ्यास. मुलांनाही दहावी असते, पण त्यांचा पट कुणी माळ्यावर ठेवत नाही. माझ्या सासूबाईंनीही विचारलं होतं की यातून पुढे काय होणार. मी त्यांना रोहिणी खाडिलकरांबद्दल सांगितलं. मुंबईतल्या मराठी घरातल्या त्या तीन बहिणी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघीही राष्ट्रीय विजेत्या. रोहिणीताई तर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या आणि १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी 'तो घोडा कसा चालतो ते मला दाखव' म्हणाल्या. आता त्या रोज दुपारी नातीशी खेळतात. हरतात, पण पट घरात मांडलेला राहतो.

निवृत्त बँक कर्मचारी, वाई

आमच्या लहानपणी घाटावर देशी डाव चालायचा. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाई आणि किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, नव्हतं. त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, अट एवढीच की आधी शह बसलेला नसावा. प्याद्याने मात केली की करणाऱ्याचा रुबाब गावभर. आंतरराष्ट्रीय नियम मी नोकरीत लागल्यावर शिकलो.

निवृत्तीनंतर वाचनालयाच्या व्यवस्थापनाला विचारून रविवारी संध्याकाळी दोन टेबलं मागितली. आम्ही सगळे साठीच्या पुढचे. मग मुलं डोकवायला लागली. त्यांना रोज तीच चार मित्रमंडळी हरवून कंटाळा आलेला. आमच्याकडे पाठ केलेल्या सुरुवातीच्या चाली नाहीत, पण थोड्याच सोंगट्या उरल्यावरचा डाव आम्हाला येतो. राजे आणि एक प्यादं उरलं की दोन राजे मधे एक घर सोडून समोरासमोर आल्यावर चाल कोणावर येते यावर बरंच ठरतं, हे मी एका पाचवीतल्या मुलाला तासभर दाखवत होतो. पुढच्या रविवारी त्याने तेच माझ्यावर वापरलं आणि मला बरोबरी घ्यायला लावली. मला इतका आनंद झाला की चहा मी पाजला.

गावात म्हातारे खेळाडू असतातच. कट्ट्यावर, देवळात, एसटी डेपोत विचारून पाहा. मुलांना आयता प्रतिस्पर्धी मिळतो आणि आम्हाला रविवारची वाट बघायला कारण.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, उदगीर

मी पूर्णपणे मोबाइलवर शिकलो. लिचेस हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ फुकट आहे, जाहिराती नाहीत, कोडी हवी तेवढी. आठवीपासून तेच. लातूरला पहिल्यांदा पटावर खेळायला गेलो तेव्हा कळलं की तीन मिनिटांचे हजार डाव खेळलेल्या मुलाला दीड तासाच्या डावात बसताच येत नाही. समोरचे काका पंधरा मिनिटं विचार करत आणि मी पंधरा सेकंदांत उत्तर देई. सगळी स्पर्धा तशीच गेली.

नंतर आम्ही तिघांनी नियम केला. आठवड्यातून एक लांब डाव, खऱ्या पटावर, घड्याळ लावून, लिहून. डाव झाल्यावर आधी दोघांनी आपापसात चर्चा करायची, संगणक त्यानंतर. संगणकाने आधी उत्तर दिलं की डोकं चालायचं थांबतं.

रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, त्याबद्दल नवीन मुलांचा गोंधळ होतो म्हणून लिहितो. फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, त्यांचं पहिलं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या किमान पाच जणांशी झालेले डाव लागतात. ते वेगवेगळ्या स्पर्धांत मिळून झाले तरी चालतात. मार्च २०२४ पासून यादीतला तळ १००० वरून १४०० वर गेलाय. म्हणजे तेवढ्या ताकदीची कामगिरी झाल्याशिवाय यादीत नावच येत नाही. शहरातल्या मुलाला दर महिन्याला अशी स्पर्धा घराजवळ मिळते. आम्हाला पाच रेटेड माणसं गाठायला दोन-तीन जिल्हे फिरावे लागले.

आणि एकदा रेटिंग आलं तरी अडचण संपत नाही. गावातली चार मुलं एकमेकांशीच खेळली तर गुण त्यांच्यातच इकडून तिकडे फिरतात, चौघंही सुधारली तरी आकडा सांगत नाही. मग ती पुण्याला जाऊन स्वतःपेक्षा दोनशेने वरच्यांना हरवतात आणि लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही.

पंच आणि प्रशिक्षक, अमरावती जिल्हा

आमच्या अमरावतीचा स्वप्निल धोपाडे ग्रँडमास्टर झाला, तेव्हा इथल्या पोट्ट्यांच्या बोलण्यात फरक पडलेला मी पाहिला. आधी ग्रँडमास्टर म्हणजे टीव्हीतली गोष्ट होती. आपल्याच गावच्या रस्त्यावरून गेलेला माणूस तिथवर पोचला, हे कळलं की आईवडिलांची भाषाही बदलते.

पंच म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. तालुक्यात स्पर्धा का होत नाहीत? हॉल मिळतो, शाळा देतात. पट स्वस्त आहेत. अडतं ते डिजिटल घड्याळांवर. पन्नास मुलांची स्पर्धा म्हणजे पंचवीस घड्याळं, आणि ती वर्षातून दोनदाच लागणार. एकट्या तालुक्याने ती घेणं परवडत नाही. आम्ही आसपासच्या तालुक्यांनी वर्गणी काढून एक संच घेतला आणि तो खोक्यात भरून फिरवतो. ज्याच्याकडे स्पर्धा त्याच्याकडे खोकं. बॅटऱ्या ज्याने वापरल्या त्याने बदलायच्या. एवढ्यावर आमच्या स्पर्धा वाढल्या.

दुसरं, रोख बक्षिसाची रक्कम मोठी लावू नका. मोठी रक्कम लावली की बाहेरचे तयार खेळाडू येतात, बक्षीस घेऊन जातात आणि गावच्या मुलांना त्यांच्याशी एकेक डाव तेवढा मिळतो. त्याच पैशात एखाद्या चांगल्या खेळाडूला दोन दिवस बोलवा. त्याला वीस पटांवर एकाच वेळी मुलांशी खेळू द्या, आणि नंतर प्रत्येकाचा डाव समजावून सांगू द्या. यावर आमच्याच मंडळात मतभेद आहेत. काहींना वाटतं मोठ्या बक्षिसाशिवाय गावाचं नाव होत नाही.

वडील, सावंतवाडी

आम्ही गोव्याच्या बाजूला बघतो. आमच्या मुलाला म्हापसा, पणजी जवळ, कोल्हापूर लांब. गोव्यात भक्ती कुलकर्णी, लिऑन मेंडोन्सा यांच्यासारखे खेळाडू घडलेत, त्यामुळे लहान स्पर्धांतही समोरची मुलं पक्की असतात. २०२५ च्या अखेरीस फिडेचा विश्वचषक गोव्यात झाला, तेव्हा शाळेने दुपारी डाव पडद्यावर लावले होते. राज्याची सीमा आपल्या डोक्यात असते, जवळचा प्रतिस्पर्धी सीमेपलीकडे असेल तर तिकडे जा.

एक वडील, शहादा

सगळे उत्साहाने लिहितायत म्हणून दुसरंही लिहितो. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना खेळणं सोडून बसला. ज्या क्लासला जायचा तिथे दर स्पर्धेनंतर मुलांना रेटिंगच्या उतरत्या क्रमाने बसवत. गाव लहान, त्यामुळे तो क्रम दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानातही माहीत. शहरात हरलेलं मूल गर्दीत मिसळून जातं, इथे नाही. तो आता चौदाचा आहे आणि गेल्या उन्हाळ्यापासून शेजारच्या धाकट्या मुलांना शिकवतो. स्पर्धेचं नाव काढत नाही, मीही काढत नाही. मुलांना तयार करणाऱ्यांनी एवढं सांभाळा की हरलेला निकाल मुलाच्या घरी पोचेपर्यंत गावभर झालेला नसावा.

धागाकर्ता, तासगाव

शहाद्याच्या दादांचं वाचून थांबलो होतो. क्रमवारीची यादी आमच्या खोलीत भिंतीवर होती, ती उतरवली.

सगळ्यांचं वाचून एक गोष्ट करायची ठरवली आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर तासगाव, विटा आणि पलूस यांच्यात गावोगावचे सामने सुरू करतोय. प्रत्येक संघात पाच पट, त्यातला एक मुलीचा आणि एक साठीच्या पुढच्या खेळाडूचा. महिन्यातून एक रविवार, सकाळी दहाला सुरू, लांब डाव, प्रत्येकाचे दोन. शेवटची गाडी कोणत्या गावाला किती वाजता आहे ते आधी विचारून घेतलं आहे, दुपारी साडेचारला सगळे मोकळे होतील. घड्याळांसाठी अमरावतीच्या सरांसारखी वर्गणी काढली आहे, अजून थोडी कमी पडते. आटपाडीचं कुणी वाचत असेल तर चौथा संघ हवा आहे, कारण तीन संघ असले की दर महिन्याला एक गाव मोकळं बसतं.