पानाचा एक भाग सर्व्हरवरून बदलल्यानंतर बटणे चालत नाहीत

प्रश्न:
जँगोमध्ये (पायथनमधील वेब फ्रेमवर्क) ग्रंथालयाची नोंदप्रणाली लिहीत आहे. विषय निवडला की फक्त पुस्तकांची यादी बदलावी, म्हणून फेचने (जावास्क्रिप्टमधून विनंती पाठवण्याची सोय) त्याच यूआरएलला विनंती पाठवतो. सोबत ठरावीक हेडर (विनंतीबरोबर जाणारी माहितीची ओळ) असल्यास सर्व्हर पूर्ण पानाऐवजी यादीपुरताच एचटीएमएल रेंडर करून देतो आणि तो मी इनरएचटीएमएलने डिव्हमध्ये (पानाच्या एका चौकटीत) बसवतो. यादी बरोबर बदलते, परंतु नंतर ‘राखून ठेवा’ हे बटण दाबूनही काही होत नाही, कन्सोलमध्ये एररही येत नाही. त्या तुकड्यातच स्क्रिप्ट टॅग घातला, तोही चालला नाही. सर्व्हरकडून एचटीएमएलऐवजी जेसन (नुसता डेटा) घ्यावे का?

उत्तर 1:
तुमचे लिसनर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) जुन्या बटणांवर लावलेले होते आणि ती बटणे आता पानावर नाहीत; नवी दिसायला तशीच असली तरी डॉममध्ये (ब्राउझरने ठेवलेल्या पानाच्या रचनेत) ती वेगळी एलिमेंट आहेत. यादीभोवतीचा डिव्ह मात्र कायम राहतो, तेव्हा क्लिकचा एकच लिसनर त्याच्यावर लावा आणि इव्हेंट टार्गेटवर (जिथे क्लिक झाले त्या एलिमेंटवर) क्लोजेस्ट ही तिथून वर शोधत जाणारी मेथड वापरून कोणते बटण दाबले गेले ते ओळखा. इनरएचटीएमएलने आलेली स्क्रिप्ट ब्राउझर चालवत नाही, हे एचटीएमएलच्या मानकातच आहे. जेसनची गरज मला दिसत नाही. जँगोचे टेम्प्लेट पुस्तकाचे नाव आपोआप एस्केप करते, म्हणजे त्यातली विशेष चिन्हे एचटीएमएल म्हणून वाचली जाऊ देत नाही. जेसन घेऊन यादी ब्राउझरमध्ये स्ट्रिंगा जोडून बनवू लागलात, तर एस्केप करण्याची काळजी तुमच्या गळ्यात पडेल.

उत्तर 2:
बटणांचे निदान अचूक आहे, पण मला अधिक खटकते ते एकाच यूआरएलवरून दोन प्रकारची उत्तरे देणे. विषय बदलताना तुम्ही पुशस्टेटने (पान पुन्हा न उघडता) पत्ताही बदलत असाल, तर वापरकर्ता दुसऱ्या पानावर जाऊन मागे आल्यावर ब्राउझर कॅशमधला (स्वतःकडे साठवलेला) तुकडाच पूर्ण पान म्हणून दाखवू शकतो: ना मेनू, ना सीएसएस. उत्तरात व्हॅरी हेडर (कोणत्या हेडरनुसार उत्तर बदलते ते कॅशला सांगणारे) देऊन त्यात तुमच्या हेडरचे नाव लिहिणे हा एक उपाय. मी मात्र तुकड्यासाठी सरळ वेगळा यूआरएल ठेवतो.

प्रश्नकर्ता:
लिसनर डिव्हवर लावल्यावर बटणे चालू झाली, आणि मागे आल्यावर उघडा तुकडा दिसण्याचा प्रकार माझ्याकडेही घडतो. त्यामुळे यूआरएल वेगळा करत आहे. विषय भराभर बदलले, तर आधीच्या विनंतीचे उत्तर उशिरा येऊन नवी यादी पुसते, त्यावर काय करावे?

उत्तर 2:
नवी विनंती पाठवण्यापूर्वी अबॉर्टकंट्रोलरने आधीची रद्द करा. रद्द झालेले फेच अबॉर्टएरर देते. ती वेगळी ओळखून सोडून द्या, नाहीतर वापरकर्त्याला विनाकारण एरर आल्याचा संदेश दिसेल.